पाच आठ आठ, दोन तीन पाच तीन

गिरिजाबाई, तुमच्या वाट्याचे उरलेले दहा भागाकार मी पुरे केले.

तुमच्या भावानं तुमच्या गावाहून, जतहून, आपली भागाकारांची वही पाठवली. आत चिठ्ठी होती: "ताईनं सांगितलं हुतं, ही मोठ्या बाईस्नी द्या." एवढंच. त्याच्या आधी चार दिवस तुम्ही गेल्याचं कार्ड येऊन गेलं होतं, त्यामुळे चिठ्ठीत आणखी काही लिहायचं कारण नव्हतं. वही उघडली. तुम्ही २२९३पर्यंत आला होतात. पुढच्या पानावर २३११ मांडलेला, भागाकाराची रेघ ओढलेली आणि खाली कोरं. मी तिथूनच सुरुवात केली. बाकी उरली आठशे अठ्ठावन्न. मग २३३३, मग २३४१, असं करत रोज दोन. शेवटचा २४२३. बाकी सतराशे बत्तीस. भाग गेला नाही.

माझ्या वाट्याचे आधीच झाले होते, म्हणजे आता पक्कं झालं. ५८,८२,३५३ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जात नाही. चार वर्षं आपण हे शोधत होतो आणि उत्तर ऐकायला तुम्ही नाही. गेलेल्या माणसाशी बोलत बसण्याचा माझा स्वभाव नव्हे. मी बोलत नाही, कळवते आहे.

सुरुवात पेढ्यांपासून झाली, आठवतं? साताऱ्याच्या आपल्या मुलींच्या शाळेत तुम्हाला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तिसरीचा वर्ग, नेमणूक तात्पुरती. चौथीच्या बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या निरोपाला किती पेढे आणायचे यावर शिक्षकांच्या खोलीत चर्चा चालली होती. मी मुख्याध्यापिका, तेव्हा निकाल मीच दिला.

"पन्नास नकोत, एक्कावन्न आणा. वर एक असला की आकडा तुटत नाही. शुभ असतं."

तुम्ही कोपऱ्यात वह्या तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुटतोय की वो बाई. सतरा त्रिक एक्कावन्न."

"गिरिजाबाई, पाढे मलाही येतात."

"मग एकशे एक आणू या. त्यो तुटत न्हाई."

"आणि खाणार कोण?"

"न तुटनारं पायजे असंल तर खावं लागतंय थोडं."

सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण मला राग आला होता. इतकी वर्षं ओटीत, ताटात, निरोपात वरचा एक घालत आले, आणि एक्कावन्न हा सतराच्या पाढ्यात बसलाय हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. पाढा मी मुलींकडून दररोज म्हणवून घेत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कागद घेऊन हजर. एकावर शून्यं आणि शेवटी एक, असे सगळे आकडे तुम्ही तपासायला घेतले होते. "एक हजार एक तुटला. सातानं जातोय, अकरानं जातोय, तेरानंबी जातोय. दहा हजार एक सत्तर-तीननं तुटला."

"त्र्याहत्तरनं," मी म्हटलं.

"तेच ते."

मग प्रश्न निघाला की ज्या सतरानं एक्कावन्न तोडला, तो यातला कुठला आकडा तोडतो का? शाळा सुटल्यावर तिसरीच्या फळ्यावर आपण एकाला सतरानं भागायला घेतलं, पुढं शून्यं वाढवत. तुम्ही लिहीत होतात, मी बाक्या मोठ्यानं सांगत होते. दहा. पंधरा. चौदा. चार. सहा. नऊ. पाच. सोळा.

तुम्ही खडू तसाच धरून माझ्याकडे वळलात. "सोळा! वर एक टाका बाई, सतरा झालं!"

आठ शून्यं झाली होती. दहा कोटी एक या आकड्याला सतरानं भाग गेला. शुभाचा एक पुन्हा हरला आणि भागाकार फळ्यावर उरला. मी वाचला: अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न. तुम्ही वाचला: पाच आठ आठ दोन तीन पाच तीन. आपल्या भांडणाची दोन्ही टोकं त्या एका ओळीत होती.

ते भांडण आजही मिटलेलं नाही, तेव्हा माझी बाजू आधी मांडते. तुमची मातृभाषा कानडी. मराठी तुम्ही चांगली शिकला होतात, पण आकडे तुमच्या जिभेवर बसत नव्हते. तुम्ही आलात त्या आठवड्यात मी सहज म्हटलं, "पटावर एकोणऐंशी मुली लिहा," आणि तुम्ही ८९ लिहिलंत. मराठी शाळेतल्या बाईंना एकोणऐंशी लिहिता येऊ नये, हे मला पटणारं नव्हतं. आजही पटत नाही.

आता तुमची बाजू. ती तुमच्याच शब्दांत लिहिते, कारण मला ती पाठ झाली आहे. "एकोण म्हंजे एक उणा, हे सात वर्षाच्या पोरीला कुठनं ठावं असनार? तिला ऐंशी ऐकू येतंय. ती आठ लिवती. आमच्यात एप्पत्तोंबत्तु. सत्तर-नऊ. जसं लिवायचं तसंच म्हनायचं. तुमी मराठी लोक आकडा उलटा बोलताय नि सुलटा लिवताय."

"मग काय पंचवीसला वीस-पाच म्हणायचं?"

"म्हटलं तर जीभ झडतीया व्हय?"

जीभ झडत नव्हती. पण मी माझं म्हणणं सोडलं नाही आणि तुम्ही तुमचं. तुमच्या वर्गात मुली आधी 'सत्तर-नऊ' म्हणत, मग पाटीवर लिहीत, मग 'एकोणऐंशी' म्हणत. मी व्हरांड्यातून जाताना पाय मुद्दाम वाजवायची. तुम्हाला ऐकू जायचं, पण मुलींचा आवाज खाली यायचा नाही.

त्याच वर्षी तपासणीचे साहेब आले. तुमची नेमणूक कायम करायची की नाही हे त्या तपासणीवर होतं. घरी आई आणि शिकणारा भाऊ, दोघं तुमच्या पगारावर. हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं, पण मला माहीत होतं. साहेबांनी तुमची तिसरी आणि जुन्या बाई निवृत्त झाल्यावर माझ्याकडे आलेली चौथी एकत्र बसवली आणि दहा आकडे सांगितले. एकोणऐंशी, त्रेपन्न, एकोणनव्वद, अडुसष्ट असे. तुमच्या मुलींचे ओठ हलत होते. साहेबांनी पाट्या पाहिल्या. तुमच्या वर्गातली एक पाटी चुकली होती. माझ्या चौथीतल्या निम्म्या पाट्यांवर ८९ होतं.

साहेबांना पाट्यांचं काही वाटलं नाही. त्यांना ते पुटपुटणं खुपलं. त्यांनी हौसाला उभं केलं. दहिवडीकडची पोर, साताऱ्यात मामाकडे राहून शिकणारी, कुणालाही न भिणारी.

"काय म्हणत होतीस तू?"

"सत्तर-नऊ."

"ही कुठली भाषा?"

"आमच्या बाईंची हाय. आदी असं म्हनायचं, मग लिवायचं, मग तुमच्यावानी म्हनायचं."

"माझ्यासारखं म्हणजे?"

"अवघड," हौसा म्हणाली.

तुम्ही खाली बघत होतात. मला वाटलं तुम्ही घाबरलात. पुढं कधीतरी तुम्ही सांगितलंत की हसू दाबत होतात.

साहेब माझ्या खोलीत चहा पिताना म्हणाले, "बाई, हे बंद करा. मराठी शाळा आहे. आणि या बाईंच्या बाबतीत तुमचा शेरा पाठवा. तुम्ही लिहाल तसं करू."

मी लिहिला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते. पहिला शेरा मी असा लिहिला होता: "संख्यावाचन सदोष. मराठी शाळेत अध्यापनास योग्य नाहीत. कायम करू नये." पाट्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, तरी लिहिला. नियम पाहिला, पाट्या बाजूला ठेवल्या. आठ दिवस तो कागद खणात होता. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तुम्हाला बोलावलं. माझी रीत होती की वाईट शेरा समोरासमोर वाचून दाखवायचा, मगच पाठवायचा. कागद टेबलावर काढून ठेवला.

तुम्ही आलात ते जवळजवळ पळतच. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही तुमची वही बरोबर त्या कागदावर आपटलीत.

"बाई, आकडा कापला."

"कुठला आकडा?"

"आपला. सतरानं काढला त्यो."

कापायचा तुमचा खेळ मला माहीत होता. १२३३ मधोमध कापायचा, बारा आणि तेहतीस. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, तेहतीसचा एक हजार एकोणनव्वद, आणि बेरीज परत १२३३. दोन तुकड्यांचे वर्ग जोडले की आकडा पुन्हा सांधतो. असे आकडे फार थोडे. तुम्हाला हा नाद कुठून लागला, असं मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "आकडे वाचाया जमंनात, म्हनून कापत बसले."

वहीत होतं: ५८८ | २३५३. पाचशे अठ्ठ्याऐंशीचा वर्ग ३,४५,७४४. दोन हजार तीनशे त्रेपन्नचा वर्ग ५५,३६,६०९. बेरीज ५८,८२,३५३.

मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. पेन्सिल घेऊन दोन्ही गुणाकार तीनदा केले. तुम्ही शांतपणे खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत उभ्या. तीनही वेळा तेच आलं.

बेरीज पटल्यावर मला वेगळंच सतावू लागलं. तो आकडा मी आठ दिवसांत शंभरदा वाचला असेल, मग मला हे का दिसलं नाही? मी पुन्हा वाचला. अठ्ठावन्न लाख, ब्याऐंशी हजार, तीनशे त्रेपन्न. तुम्ही जिथं कापलं होतंत, ती जागा माझ्या तोंडात 'ब्याऐंशी' या शब्दाच्या बरोबर मधोमध येत होती. आठ अलीकडे, दोन पलीकडे. आणि माझा शब्द तर दोन आधी बोलतो, ऐंशी नंतर. त्या शब्दावर सुरी चालवल्याशिवाय हा आकडा उघडणारच नव्हता, आणि मला तो शब्द अखंड वाटत होता. तुम्हाला तो शब्द येत नव्हता म्हणून तुम्हाला आकडा दिसला.

"तुमी कशाला बोलावलं हुतं?" तुम्ही विचारलंत.

"हजेरीपटावर सही राहिली होती," मी म्हटलं. सही राहिलेली नव्हती. तुम्ही पट उघडून पाहिलात आणि माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला कळलं होतं का? हे विचारायचं राहून गेलं.

तुम्ही वही उचलण्याआधी मी खालचा कागद काढून घेतला. दुसरा शेरा लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत. "संख्याज्ञान उत्तम. मुलींचे अंकलेखन शाळेत सर्वांत चांगले. कायम करावे." त्याच पत्रात साहेबांना लिहून दिलं की वर्गातलं ते म्हणणं बंद केलं आहे. सोमवारी तुम्हाला सांगितलं, "यापुढे मुलींनी सत्तर-नऊ मोठ्यानं म्हणायचं नाही. मनात म्हणू दे."

तुम्ही एवढ्या चिडाल असं वाटलं नव्हतं. "मनात म्हनायला पोरगी चोर हाय व्हय?"

"तुमची नोकरी राहते आहे यात."

"नोकरी माझी ऱ्हाती. पोरींनी काय गुन्हा केलाय?"

चौथ्या दिवशी तुम्ही आलात ते आकड्याबद्दल बोलायला. मुली मात्र मनातच म्हणत राहिल्या. मी नोकरी वाचवली यात माझं चुकलं नाही, असं मी तेव्हाही म्हणत होते, आताही म्हणेन. पण तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की मी आवाज चढवते हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तुम्ही तो प्रश्न पुन्हा विचारला नाहीत. तेवढं तुम्ही मला सांभाळून घेतलंत.

हायस्कुलातल्या गणिताच्या सरांना मी आकडा दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "ही संख्या मूळ असेल, तर दोन वर्गांच्या बेरजेत तिची फोड एकाच रीतीनं होते. दुसरी रीत नाही." मी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग ती मूळ हाय का न्हाई ते बघाया पायजे. एकच वाट असंल आनि तीच तिच्या अंगावर लिवलेली असंल, तर लय भारी झालं."

बघायचं म्हणजे भागून बघायचं. २४२६चा वर्ग आपल्या आकड्याच्या पुढे जातो, म्हणून तोपर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. त्या साडेतीनशेच्या वर निघाल्या. सुरुवातीच्या झटपट झाल्या. अंकांची बेरीज चौतीस, म्हणजे तीन गेला. सातानं बाकी एक. सतरानं पुन्हा भागून पाहिलं, बाकी तेरा. जिनं जन्म दिला तिलाही ती बधली नाही. मग वाटणी केली: शेवटी एक आणि तीन असलेल्या तुमच्या, सात आणि नऊ असलेल्या माझ्या. मधल्या सुट्टीत डबा खाऊन एक भागाकार. परीक्षा, जनगणना, देवीची टोचणी, सहामाही, सगळं येत गेलं आणि वही मागं पडत गेली, पुन्हा निघत गेली.

एकदा तुम्ही भर वर्ग सोडून माझ्या दारात. हाताला खडू, पदर खोचलेला. "तुटली बाई! बाराशे तेरानं तुटली!" मी हातातलं पत्रक ठेवलं आणि पडताळा घेतला. कुठल्याशा वजाबाकीत तुम्ही हातचा विसरला होतात. खरी बाकी पाचशे सोळा. तुम्ही मटकन बाकावर बसलात. मी म्हटलं, "वाईट वाटलं?" तुम्ही म्हणालात, "न्हाई वो. तुटली आसती तर उद्यापासनं मधल्या सुट्टीत काय केलं आसतं?"

हे मी पुष्कळदा आठवते. माझं सगळं आयुष्य कामाचं गेलं. लवकर नवरा गेला, दोन मुलं वाढवली, शाळा चालवली, पत्रकं भरली. ज्याचा कुणाला काही उपयोग नाही असं मी चार वर्षांत एवढंच केलं, तुमच्यासोबत, आणि त्यातल्या एका दिवसाचाही मला पश्चात्ताप नाही. एवढ्या वर्षांत आपण 'अहो-जाहो' सोडलं नाही. घरच्या गोष्टी फारशा बोललो नाही. पण माझी सात आणि नऊ, तुमचं एक आणि तीन, यावर मी जितका विश्वास ठेवला तितका सख्ख्या बहिणीवर ठेवला नाही. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे होते. मी आभार मानायला उशीर करते. तुमच्या बाबतीत फारच उशीर झाला.

तर कळवायचं ते असं. आकडा मूळ आहे. दोन वर्गांत फोडायची वाट एकच आहे, आणि ती तुम्हाला सापडलेलीच. सरांना मी सांगून आले. ते उठून उभे राहिले. म्हणाले, "त्या बाईंना माझा नमस्कार सांगा." सांगितला.

तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. तिसरी मीच घेते, चौथीला शेजारी बसवून. काल अंकलेखन होतं. मी म्हटलं, "लिहा, ब्याऐंशी." पाट्या खाली गेल्या, ओठ हलायला लागले, आवाज नाही. पस्तीस मुलींचे ओठ हलतायत आणि खोलीत चिटपाखरूसुद्धा नसल्यासारखी शांतता. ही शांतता मी केलेली होती. पुढच्या महिन्यात तपासणी आहे आणि साहेब तेच आहेत.

हौसाची धाकटी बहीण पारू आता तुमच्या वर्गात आहे. तिला ओठ मिटून राहवत नाही. तिनं हात वर केला.

"बाई, मनात म्हनू का तोंडानं?"

"तोंडानं म्हण," मी म्हटलं. "सगळ्याजणी म्हणा. रस्त्यापर्यंत ऐकू जाऊ दे."